मशीन काय म्हणतंय?

नांदेडला आमच्या घरात सकाळ उजाडायची ती बाबांच्या रेडिओने. लातूरला आत्याकडे राहायला आले तेव्हा ती उजाडायला लागली विमलकाकूंच्या शिवणयंत्राने. मधे एकच भिंत, आणि भिंतीपलीकडे वरच्या खोलीत काकूंचे पाय सहा वाजल्यापासून पायटा मारत असत. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, बोलणं कमी. भाकरी थापताना ती मला पाढे विचारल्यासारखी रसायनशास्त्रातली सूत्रं विचारायची आणि चुकलं की पिठाच्या हातानेच डोक्यावर टप्पल मारायची. ज्वारीची भाकरी, दाण्याची चटणी, येसराची आमटी. आज इतक्या वर्षांनी कुणी येसराचा मसाला भाजायला घेतला तरी मला बारीकशी भीती वाटते, कारण त्या वासाबरोबर चाचणी परीक्षेची आठवण येते.

बाबा पाटबंधारे खात्यात कारकून. लातूरच्या मुलांचे फोटो वर्तमानपत्रात रांगेने छापून यायला लागले, तशी त्यांची झोप उडाली. "आपली शैला का नसावी त्यात?" असं ते आईला विचारायचे. अकरावी संपताच माझी ट्रंक लातूरच्या बसच्या टपावर चढली. गावात तेव्हा दर महिन्याला नवा क्लास निघत होता. गोदामात, मंगल कार्यालयात, कुणाच्या गच्चीवर पत्रे टाकून. गंजगोलाईत भाजीवाल्यासुद्धा विचारायच्या, "मेडिकल का इंजिनेर?" माझं मेडिकल ठरलेलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायला हाश्मी सर होते. उंच, थोडे वाकलेले, शर्टाच्या खिशात नेहमी खडूचा तुकडा. ते आत्याच्याच गल्लीत, तीन घरं सोडून राहायचे. घरात ते आणि त्यांची आई, दोघंच. त्यांच्या आईला सगळी गल्ली अम्मी म्हणायची. आत्या आणि अम्मी वीस वर्षं एकाच नळावर पाणी भरत आलेल्या, त्यामुळे मी सरांच्या घरी शंका विचारायला गेले तर आत्याची हरकत नसे. अम्मी मला पाटावर बसवून खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा वाढायच्या आणि म्हणायच्या, "खा बेटी, दिमाग पेटसे चलता."

सर तरुणपणी मुंबईत एका मोठ्या संस्थेत संशोधन करत होते. प्रचंड फुगे आकाशात सोडायचे, फुग्याखाली यंत्र टांगायचं, आणि फुटलेल्या ताऱ्यांच्या अवशेषांकडून येणारे गॅमा किरण टिपायचे, असं त्यांचं काम. मग वडिलांना पक्षाघात झाला, सर महिनाभराच्या रजेवर लातूरला आले आणि परत गेलेच नाहीत. प्रबंध अर्धा राहिला. हे मला अम्मींकडून कळलं. सर स्वतः फक्त विषयाबद्दल बोलत. एकदा अणुकेंद्राचा धडा चालू असताना ते पाठ्यपुस्तक मिटून फळ्याकडे वळले. शर्मिष्ठा तारकासमूहाचं आकाशातलं एम अक्षर काढलं आणि त्याच्या कडेला एक वर्तुळ.

"इथं एक तारा फुटला," ते म्हणाले. "त्याची राख अजून पसरून राहिली. त्या राखेच्या कडेला जी लाट असते, तिच्यात प्रोटॉन वेग घेतात. त्यांना आपण वैश्विक किरण म्हणतो. त्यातला एखादा कार्बनच्या केंद्रावर आदळला की केंद्र हलतं. आणि स्थिर होताना एक गॅमा किरण सोडतं. कार्बनचा असेल तर ऊर्जा चार पूर्णांक चार एमईव्ही. ऑक्सिजनचा असेल तर सहा पूर्णांक एक. दर वेळी तेवढीच. जगात कुठंही, कधीही. आलेखावर तेवढ्या ऊर्जेपाशी रेषा दिसली, की समजायचं, तिथं कार्बन आहे आणि कुणीतरी त्याला धडक मारून राहिलंय."

"सर, हे येतं का परीक्षेत?" मागून एकाने विचारलं.

"न्हाई येत," सर म्हणाले आणि फळा पुसला.

त्या दिवशी संध्याकाळी मी वहीत चार पूर्णांक चार लिहिलं आणि त्याभोवती चौकोन काढला. परीक्षेत न येणारी अशी ती माझ्या वहीतली पहिली गोष्ट. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन विचारलं, "सर, तुम्हाला दिसली होती का ती रेषा?"

"सहा महिने मला वाटलं, दिसली," ते म्हणाले. "मिठाईसुद्धा वाटली होती मित्रांत. मग कळलं, ती आपल्याच हवेतली होती. वरून येणारे किरण आपल्या हवेवर आदळतात, तिथूनही तेवढ्याच ऊर्जेचा किरण निघतो. ताऱ्याचं काहीच नव्हतं त्यात."

त्यांच्या खिडकीत एक यंत्र होतं. काचेची नळी, तारा, जुन्या रेडिओचा भोंगा. किरण नळीतून गेला की भोंगा टक् करायचा. सरांनी ते मुलांना दाखवायला बनवलं होतं. गॅमा किरणांची ऊर्जा मोजायची त्याची ऐपत नव्हती, ते नुसतं मोजायचं, किती आले. मला त्यांनी काम दिलं: सकाळ-दुपार एकेक मिनिट टकटक मोजायची आणि वहीत लिहायचं. सरासरी निघाली बत्तीस. कधी सत्तावीस, कधी छत्तीस. सरांनी शिकवलं की बत्तीसचं वर्गमूळ साडेपाचच्या आसपास, तेव्हा तेवढं वरखाली होणारच, आणि अधूनमधून चाळीसही येणार. त्याचा अर्थ काढत बसायचं नाही. मी आत्याला म्हटलं, निम्मी टकटक आभाळातून येते आणि निम्मी दगडमातीतून. आत्या म्हणाली, "आधी वनस्पतीशास्त्र कर."

मग त्र्याण्णवचा तो भूकंप झाला. त्याच्याविषयी इतकं लिहिलं गेलंय की मी नव्याने काय सांगणार? आमच्या घराच्या भिंतीला तडा गेला, एवढंच आमचं नुकसान. पण दक्षिणेकडची गावंच्या गावं झोपेत गाडली गेली आणि पुढचे कित्येक दिवस लातूरच्या रस्त्यावरून ट्रक जात राहिले. जाताना ब्लँकेट आणि धान्य, येताना माणसं. विमलकाकूंनी गिऱ्हाईकांचे ब्लाउज बाजूला ठेवले आणि छावणीतल्या मुलींसाठी परकर-पोलकी शिवून द्यायचं कबूल केलं. दोन आठवड्यांनी क्लास सुरू झाला तेव्हा तिसऱ्या बाकावरच्या दोन मुली आल्या नाहीत. हजेरी घेताना सर त्यांच्या नावापाशी थांबले, आणि पुढचं नाव घ्यायला त्यांना फार वेळ लागला. त्याच तासाला लाटांच्या धड्यात ते सहज "धक्का" म्हणाले. पुढच्या बाकावरचा निलंग्याकडचा एक मुलगा उठला आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसून राहिला. सरांनी त्या वर्षी तो शब्द पुन्हा वापरला नाही.

सगळी गल्ली मैदानात राहायला गेली होती. ताडपत्र्या, साड्यांचे आडोसे, तीन दगडांच्या चुली. दिवसा बायका घाईघाईने घरात जात, डबे-कपडे घेत आणि पळत बाहेर येत. छोटे हादरे चालूच होते. त्याहून जास्त होत्या अफवा: अमुक वारी येणार, जमिनीतून लाव्हा निघणार, रेडिओवर सांगितलं पण दाबून टाकलं. अशात कुणाला तरी सरांच्या खिडकीतल्या यंत्राची आठवण झाली. निम्मी टकटक दगडातून येते, हे मीच गल्लीभर सांगून ठेवलं होतं.

"काय म्हणतंय मशीन?" विमलकाकूंनी मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी नीट समजावून सांगितलं की त्याचा भूकंपाशी संबंध नाही. दुसऱ्या दिवशी आणखी चार बायकांनी विचारलं. सरांनी दारावर पुठ्ठ्याचा तुकडा लावला: या यंत्राला भूकंप कळत नाही. लोकांनी तो वाचला आणि म्हणाले, खरं सांगायला बंदी असेल. मी वही घेऊन सरांच्या घरातून बाहेर पडले की माणसं उठून उभी राहत. मी सतरा वर्षांची होते. चाचण्यांमध्ये माझा नंबर शंभराच्या खाली घसरला होता, बाबांचं दर आठवड्याला पत्र यायचं, आणि या मैदानात म्हातारी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. हे मला आवडायला लागलं होतं. लिहायला जड जातं, पण आवडायला लागलं होतं.

एका दुपारी मी मोजले, एकेचाळीस. सर क्लासला गेले होते. वहीत आकडा लिहिला. बाहेर आले तर विमलकाकू समोरच. त्या अडीच-तीन आठवडे वरच्या माळवदावरच्या खोलीत पाऊल न ठेवता राहिल्या होत्या, पण शिवणयंत्र तिथं होतं आणि छावणीचं काम अडलं होतं. त्या दिवशी धीर करून वर जाऊन शिवायचा त्यांचा विचार होता.

"शैला, आज काय म्हणतंय गं? वर जाऊ का?"

"आज लई वाजून राहिलंय, काकू," मी म्हणाले. आणि थोडं थांबून, "जपून राहा."

बस्स, एवढंच. खोटं म्हणावं तर आकडा खरा होता. काकू तरीही वर गेल्या, कारण पोलकी दुसऱ्या दिवशी द्यायची होती. पण जाताना त्यांनी शेजारणीला सांगितलं. शेजारणीने मैदानात सांगितलं. तासाभरात मी आत्याच्या ताडपत्रीखाली जीवशास्त्र वाचत बसले होते तेव्हा एक माणूस ओरडत गेला, "सरांच्या मशीननं सांगितलंय, आज मोठा येणार!" मी उठले. खरंच उठले होते. पण नेमक्या त्याच वेळी रस्त्यावरून मदतीचा भरलेला ट्रक गेला, जमीन थरथरली, आणि कुणीतरी किंचाळलं, "आला!"

विमलकाकूंनी माळवदावरून उडी मारली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. ट्रक निघून गेलेला. सगळी घरं जागच्या जागी. आणि काकू दगडी फरशीवर बसलेल्या, उजवा पाय भलत्याच दिशेला वळलेला, आणि त्या रडत नव्हत्या, नुसत्या त्या पायाकडे बघत होत्या. त्यांना खाटेवर घालून दवाखान्यात नेलं. घोट्याचा चुरा झाला होता. डॉक्टर म्हणाले, चालता येईल, पण पायटा मारायचं विसरा.

संध्याकाळच्या आधी माणसं सरांच्या दारात जमली. सर नुकतेच क्लासहून आलेले, हातात पिशवी. एरवी त्यांना "सर, सर" म्हणणारी माणसं त्या दिवशी त्यांचं आडनाव घेऊन बोलत होती, आणि ते आडनाव ज्या तऱ्हेने उच्चारलं जात होतं ते ऐकून अम्मींनी आतून कडी लावून घेतली. आधीचं वर्ष देशभर दंगलींत कसं गेलं होतं ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"तुम्ही का सांगितलं असं?" एकाने विचारलं.

"मी काय सांगितलं?"

"मशीन वाजून राहिलं म्हणून! मोठा येणार म्हणून!"

"कोण म्हणालं?" सरांनी विचारलं.

मी दहा पावलांवर उभी होते. वही माझ्या हातात होती. सरांची नजर सगळ्यांवरून फिरत माझ्यापाशी आली आणि थांबली. त्यांना कळलं. मला दिसलं की त्यांना कळलं. मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. मी आत्याच्या मागे सरकले.

"माझ्याच बोलण्यातून काही गैरसमज झाला असेल," सर म्हणाले. "चूक माझी. विमलताईंची माफी मागायला मी आत्ताच दवाखान्यात जातो." मग अम्मींना कडी काढायला सांगून ते आत गेले, यंत्र घेऊन बाहेर आले आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी स्वतःच नळीवर दगड घातला. दुसऱ्या कुणी फोडण्याआधी. भोंग्यातून शेवटचा खरखरीत आवाज आला. माणसं थोड्या वेळाने पांगली.

क्लासचे चालक सभ्य होते. त्यांनी सरांना एवढंच सांगितलं की वातावरण निवळेपर्यंत येऊ नका. चौथ्या दिवशी सर आणि अम्मी कंधारला त्यांच्या मामांकडे निघून गेले. अम्मी आत्याच्या गळ्यात पडून रडल्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पढना मत छोड बेटी." म्हणजे सरांनी त्यांनाही सांगितलं नव्हतं.

मी अकरा दिवस गप्प होते. जेवण जाईना. आत्याला वाटलं, भूकंपाची भीती बसली. बाराव्या दिवशी ती भाकरी थापत असताना मी तिला सगळं सांगितलं. तिने तव्यावरची भाकरी उतरवली, हात धुतले, मला पायांत चप्पल घालायला लावली आणि थेट दवाखान्यात घेऊन गेली. दारात थांबून म्हणाली, "मी आत येणार न्हाई. तू जा."

काकूंचा पाय वजन लावून टांगलेला होता. मी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाल्या, "मला कशाला सांगतीस? मला तू काय म्हणालीस ते माहीतच हाय. मी सरांचं नाव कधीच घेतलं न्हाई. मैदानात जाऊन सांग."

मैदानात गेले. भर दुपारी, बायका धान्य निवडत बसलेल्या. मी उभी राहून सांगितलं की सर काहीच बोलले नव्हते, मी बोलले होते, आणि मशीनला काही कळतही नव्हतं. बायकांनी माझ्याकडे बघितलं. एक म्हातारी कळवळून म्हणाली, "बघा किती गुणाचं लेकरू. सरासाठी सोताच्या अंगावर घेऊन राहिलं." दुसरीने मला पाणी दिलं. कुणाचाही विश्वास बसला नाही. मी पुन्हा सांगितलं, वही दाखवली. त्यांनी मान डोलावली आणि धान्य निवडू लागल्या. खोटं त्यांच्यापर्यंत तासाभरात पोचलं होतं. खरं मी आणखी आठवडाभर घेऊन फिरले, आणि ते मला कुणाच्या गळी उतरवता आलं नाही. पुढच्या आयुष्यात मी बऱ्याच सभांमधून बोलले, पण त्या मैदानाएवढी असहाय पुन्हा कधी झाले नाही.

त्यानंतरच्या रविवारी आत्याने मला कंधारच्या बसमध्ये बसवलं आणि शेजारी स्वतः बसली. सरांचे मामा किल्ल्याच्या बाजूला राहत. अम्मींनी आत्याला आत नेलं. सर अंगणात बाजेवर बसून कुणाच्या तरी मुलाच्या वह्या तपासत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, दवाखाना, मैदान, सगळं. त्यांनी वह्या खाली ठेवल्या.

"आकडा किती होता?"

"एकेचाळीस."

"सरासरी बत्तीस. मग एकेचाळीस म्हणजे काय?"

"काहीच नाही, सर. पंधरा-वीस वेळांत एकदा येतोच."

"हे तुला त्या दिवशी माहीत होतं?"

मला नाही म्हणता आलं असतं. "हाव," मी म्हणाले.

सरांनी खाली ठेवलेल्या वह्या नीट रचल्या. "माणसं भीतीनं खोटं बोलतात, त्याचा मला राग येत नाही. मैदानातली माणसं भ्यालेली होती," ते म्हणाले. "तू भ्यालेली नव्हतीस. तू मोजलं होतंस, शैला. मोजून खोटं बोललीस."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि मागायची माझी हिंमत झाली नाही. अम्मींनी आम्हाला जेवायला घातलं. सर स्टँडवर सोडायला आले, गर्दीत शिरून त्यांनी आत्यासाठी खिडकीची जागा धरली, आणि बस हलेपर्यंत उभे राहिले. परतीच्या वाटेवर आत्याने माझा हात धरून ठेवला.

मेडिकलला मी लागले नाही. बाबा वर्षभर माझ्याशी धड बोलले नाहीत. मी नांदेडला भौतिकशास्त्र घेतलं, तिथून पुढे गेले, आणि फुटलेल्या ताऱ्यांच्या अवशेषांतून येणाऱ्या गॅमा किरणांच्या रेषा हेच माझं काम झालं. विमलकाकूंना आत्याने हाताने फिरवायचं शिवणयंत्र मिळवून दिलं. त्यावर त्या पोलकी शिवत, पण काम निम्म्यावर आलं, आणि माझ्याशी त्या शेवटपर्यंत नीट, थोड्या अंतरावरून बोलत राहिल्या. सर कंधारच्याच शाळेत शिक्षक झाले. लातूरला ते परतले नाहीत, आणि मला वाटतं, दुसरं यंत्रही त्यांनी बनवलं नाही.

माझा पहिला शोधनिबंध छापून आला तो काही न दिसल्याबद्दल होता. शर्मिष्ठेतल्या त्या अवशेषातून कार्बनची रेषा आम्हाला दिसली नाही. असलीच तर ती अमुक इतक्याहून क्षीण असली पाहिजे, एवढंच आम्ही म्हणू शकलो होतो. आजही ती कुणाला दिसलेली नाही. निबंधाची एक प्रत मी कंधारच्या पत्त्यावर पाठवली, सोबत चिठ्ठीत काय लिहावं ते सुचेना म्हणून नुसती सही केली. महिना गेला. मग एक पोस्टकार्ड आलं. वर नाव-गाव, खाली खडूने लिहिल्यासारखं मोठं, सुटं अक्षर:

"दुसऱ्या पानावरच्या कोष्टकात तिसऱ्या ओळीत बेरीज चुकली आहे. तपासावी."

मी कपाटातून मूळ कागद काढले आणि तिसरी ओळ तीन वेळा मोजली. चुकली होती.